अर्ध्या इंचाची चोरी

१

बुधवारी सकाळी अकरा वाजता हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी मला आणि माझ्या भाचीला खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि टेबलावर एक गाऊन टाकला.

"काल आलाय. मोठ्या कारखानदाराकडून. भाव तुमच्यापेक्षा कमी आहे. म्हटलं, शुक्रवारच्या आधी तुम्हाला दिसलेला बरा."

भाचीने त्याला हातही लावला नाही. नुसतं बघूनच तिचा चेहरा उतरला. खांद्यापासून मनगटापर्यंत वरून उघडणारी बाही आणि तिच्यावर ओळीने टिचबटणं. तिचाच गाऊन.

ती नऊ वर्षं नर्स होती. सलाईन लावलेल्या एका म्हाताऱ्याचा भिजलेला सदरा निघेना, म्हणून तिने एकदा कात्रीने बाही कापली, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तो सदरा त्याच्या मुलाने आणलेला होता. बाही उघडीच असती तर? नळीला धक्का न लावता कपडा निघाला असता. कल्पना सुचायला तिला एक दुपार लागली. त्या कल्पनेचा धंदा व्हायला अडीच वर्षं लागली. पहिली पितळी बटणं धुलाईखान्याच्या उकळत्या पाण्यात काळी पडली, वर एक्स-रेवाले बोंबलले. दुसरी प्लास्टिकची चौथ्या धुण्यात तडकली. साठ धुण्यांना टिकणारं जाड प्लास्टिकचं बटण सापडेपर्यंत तिची नोकरी गेली आणि झोपही गेली. आता सायकल दुरुस्तीच्या दुकानावर भाड्याच्या दोन खोल्या, चार मशिनं आणि एक कटिंग मास्तर एवढा तिचा पसारा होता. शुक्रवारी हॉस्पिटलची खरेदी समिती बसणार होती. ऑर्डर हुकली तर महिनाअखेरीला त्या दोन खोल्यांना कुलूप लागणार होतं.

आणि इथे आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भाचीने हॉस्पिटलमधूनच नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं होतं; आम्ही खोल्यांवर पोचलो तर भाचेजावई दारातच उभे होते. हातात मास्तरांची किल्ली.

"काढून टाकलं त्यांना," ते म्हणाले. "सोमवारी आपल्या बटणवाल्याने त्यांना त्या कारखान्यातून बाहेर पडताना पाहिलं. अजून काय पुरावा पाहिजे, आत्या?"

२

मी तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात चेकर होते. लोक कपड्याची सुलट बाजू बघतात, मी उलट बघत आले. त्यामुळे "अजून काय पुरावा पाहिजे" असं कुणी म्हटलं की माझा हात आपोआप कपडा उलटा करायला जातो.

मास्तर घरी नातीचा फ्रॉक कापत बसले होते. मला बघून उठले नाहीत. कापडावर कागद ठेवून त्याच्या कडेने ते खडू फिरवत होते. कागदाला चिकटून नाही, अर्धं बोट अंतर सोडून. हे मी हजार वेळा पाहिलं होतं. जुन्या वळणाचे कटर कागद अंगाच्या मापाचाच ठेवतात आणि शिलाईची अर्धा इंच जागा कापडावर नजरेने सोडतात. नवे कारखाने ती जागा कागदातच धरतात. त्यांचा कटर डोकं चालवत नाही, कागद सांगेल तसं कापतो.

"कारखान्यात कशाला गेला होतात?"

"कात्री." त्यांनी समोरची जड कात्री माझ्याकडे सरकवली. "तिथल्या धारवाल्याशिवाय कुणाच्या हातात देत नाही मी ही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जातो. अकरा वर्षं झाली. विचारा त्याला."

"जावयांना सांगितलं नाहीत?"

"विचारलं कुठे त्यांनी? किल्ली मागितली, मी दिली." खडू थांबला. "बाई, चाळीस वर्षांत कुणाच्या कागदाला मी साधी टाचणी टोचली नाही. माझे कागद दोरीवर चिमट्याने टांगतो मी, भोक पडू नये म्हणून. आणि मला चोर म्हणतात. त्या पोरीनेसुद्धा तोंड उघडलं नाही."

पोरगी नवऱ्याला खरंच काही बोलली नव्हती. धारवाल्याला विचारलं, त्याने मास्तरांचा शब्द न् शब्द खरा केला. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन आम्ही मोकळे झालो होतो.

मग गाऊन गेला कुणाच्या हातून?

३

बटणवाला आपल्या दुकानात डब्यांच्या भिंतीआड बसला होता. बटणं ठोकून बघायला म्हणून भाचीचा एक तयार गाऊन दोन महिने त्याच्याकडेच होता. कारखानदारही त्याचं गिऱ्हाईक.

"माझ्यावर संशय?" तो खो खो हसला. "आत्याबाई, मी गाऊन विकला असता, तर त्याबरोबर माझी प्लास्टिकची बटणंही विकली असती की! दहा हजार डझन! त्यांनी काय लावलंय, तुम्हीच सांगितलंत. पितळी. आणि तीही माझ्याकडून नाही घेतली मेल्यांनी."

त्याचा राग खरा वाटला. माणूस गिऱ्हाईक गेल्याच्या दुःखात खोटं बोलत नाही.

राहिले जावई. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा नवरा-बायको समोरासमोर बसले होते आणि मधे टेबलावर एक अर्ज पडला होता. तिची जुनी नर्सची नोकरी परत मिळावी म्हणून केलेला, तिच्या नावाने, पण अक्षर जावयांचं.

"माझ्या पाठीमागे?" भाची म्हणत होती. "मी बुडायची वाट बघत होतास तू?"

मी सरळ विचारलं, "जावईबापू, तिला लवकर बुडवायची सोय तुम्हीच केलीत का?"

त्यांनी मान वर केली. डोळे लाल. "आत्या, ती साठ धुणी कुणी धुतली? मी. रोज ऑफिसातून आल्यावर उकळत्या पाण्यात एकेक गाऊन. बटण तडकलं की हिच्याआधी मला रडू यायचं. भीती वाटली म्हणून अर्ज भरला. चुकलं माझं. पण विकायचंच असतं, तर त्यांना पितळी बटणं लावू दिली असती का मी?"

पुन्हा बटणं. मी मनात गाठ मारून ठेवली. मास्तर, बटणवाला, जावई, तिघांनाही ठाऊक होतं की पितळ चालत नाही.

"अजून कुणी गाऊन पाहिलाय?" मी भाचीला विचारलं.

"कुणीच नाही. सरांनीसुद्धा नाही."

४

सर म्हणजे उद्योग मार्गदर्शन केंद्राचे सल्लागार. "तुमची कल्पना, तुमचा उद्योग" अशी पाटी लावलेल्या खोलीत ते बसायचे. स्वतः आयुष्यात टाचणीसुद्धा विकलेली नाही, पण कुणी काय विकावं हे सांगायला सदैव तयार. आपल्याकडे याला उंटावरचा शहाणा म्हणतात. हॉस्पिटलने शुक्रवारच्या समितीवर बाहेरचा तज्ज्ञ म्हणून यांनाच बोलावलं होतं.

"फार वाईट झालं," ते हळहळले. "म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो, आपल्या नमुन्याचे कागद आधी केंद्रात जमा करा. बंद लिफाफ्यात. उद्या वाद झाला तर तारखेचा पुरावा. तुमच्या भाचीचा लिफाफाही आहे." त्यांनी मागचं लोखंडी कपाट उघडलं आणि जाड खाकी लिफाफा दाखवला. तोंडावर चिकटपट्टी, पट्टीवर केंद्राचा शिक्का. "जसा आला तसा. मी तर तो गाऊन डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नाही. मुद्दामच. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

टेबलावर भाचीची फाईल उघडी होती. वर लाल शाईत शेरा: व्यवहार्य नाही.

"हे कधी लिहिलंत?"

"सहा महिन्यांपूर्वी. कल्पना गोड आहे हो, पण धंदा म्हणजे पोरखेळ नाही. मी तिला म्हटलं होतं, नोकरी सोडू नकोस. भावनेच्या भरात बायका..." माझ्याकडे बघून त्यांनी वाक्य गिळलं.

भाचीने हे घरी कधीच सांगितलं नव्हतं. सहा महिने तो लाल शेरा एकटीने मनात वागवत ती बटणं उकळत होती. मला त्या टेबलावरची शाईची बाटली उपडी करावीशी वाटली. त्याऐवजी मी म्हटलं, "शुक्रवारी तो लिफाफा घेऊन याल का सर? आमची तारीख तरी सिद्ध होईल."

"आनंदाने!" ते म्हणाले, आणि खरंच आनंदाने म्हणाले. निष्पाप माणूस असाच बोलतो. माझा सगळा तर्क तिथेच अडला.

५

गुरुवारी दुपारी मी मेट्रनबाईंकडून तो चोरीचा गाऊन तासाभरासाठी मागून घेतला. त्यांच्याच खोलीत टेबलावर पसरला, शेजारी भाचीचा ठेवला आणि टेप काढली.

छाती दोन इंच कमी. बाहीचा घेर एक इंच कमी. लांबी एक इंच कमी.

"कापड वाचवलं असेल," मेट्रनबाई म्हणाल्या. "म्हणूनच स्वस्त."

मलाही तसंच वाटलं. कारखानदार लोक कापडात हात मारतातच, त्यात नवल नाही. टेप गुंडाळता गुंडाळता केवळ सवयीने मी गळा मोजला, आणि पुन्हा मोजला. मग मेट्रनबाईंच्या हातात टेप देऊन त्यांना मोजायला लावलं.

गळा मोठा होता.

सगळं अंग लहान आणि गळा तेवढा मोठा! कापड वाचवणारा गळा मोठा करत नाही. लहान मापाचा गाऊन काढणारा गळाही लहानच काढतो. मी गाऊन उलटा केला आणि शिवणीत दडलेलं कापड बोटाने चाचपलं. अर्धा इंच. प्रत्येक शिवणीत, गळ्याच्या दुमडीतसुद्धा, नेमका अर्धा इंच.

मी खुर्चीत बसले. मेट्रनबाईंनी घाबरून पाणी पुढे केलं. पण मला चक्कर आली नव्हती, हसू येत होतं आणि राग येत होता, दोन्ही एकदम. दोन दिवस आम्ही साप म्हणून भुई धोपटत होतो. गाऊन कुणी पाहिला, गाऊन कुणाच्या हाती होता, हेच विचारत सुटलो होतो. प्रश्नच उलटा धरला होता.

६

शुक्रवारी समिती बसली. टेबलाच्या डोक्याशी हॉस्पिटलचे अधीक्षक, एका बाजूला मेट्रनबाई, दुसऱ्या बाजूला सर, समोर लिफाफा. कारखानदाराचा विक्रीवाला कडक इस्त्रीत आला होता. आमच्या बाजूला भाची, जावई आणि मी. मास्तरांना मी स्वतः जाऊन आणलं होतं. ते कोपऱ्यात उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"चोरीबिरीचं आम्ही बघत नाही," अधीक्षक म्हणाले. "आम्हाला चांगला गाऊन हवा."

"मग घालून बघा," मी म्हटलं.

माणूस मोकळा होता. शर्टावरूनच त्यांनी कारखान्याचा गाऊन चढवला. हात वर करताच बाहीची तीन बटणं फटाफट उघडली, आणि गळा खांद्यावरून घसरून दंडावर आला. मेट्रनबाईंनी तोंडाला रुमाल लावला. मग भाचीने त्यांना आपला गाऊन घातला, त्यांच्या हाताला सलाईनची नळी धरली आणि गाऊन नळीला न शिवता काढून दाखवला.

"किरकोळ दुरुस्ती आहे," विक्रीवाला म्हणाला. "माप वाढवून देऊ."

"माप नाही चुकलेलं," मी उठले. "कागद वाचायला चुकलात तुम्ही. आमचे मास्तर कागदात शिलाईची जागा धरत नाहीत, कापडावर सोडतात. तुमच्या कटरला वाटलं, कागदात धरलेली आहे. म्हणून प्रत्येक शिवणीत अर्धा इंच गिळला गेला. अंग आटलं आणि गळा फाकला. कुणी तयार गाऊन बघून नक्कल केली असती, तर हे झालंच नसतं. तुमच्याकडे गाऊन आलाच नाही. कागद आले."

"म्हणजे कागद मास्तरांनीच दिले!" जावई उसळले.

"आणि स्वतःच्या कागदाची चाळीस वर्षांची खोड सांगायला विसरले? आणि बटणं? कागदावर बटणाच्या जागी नुसती फुली असते, बटण कसलं ते लिहिलेलं नसतं. ते प्लास्टिकचंच हवं, हे मास्तरांना माहीत, बटणवाल्याला माहीत, तुम्हाला तर धुऊन धुऊन माहीत. ज्याने कागद दिले त्याला माहीत नव्हतं. त्याच्याकडे फक्त कागद होते. त्याने तो गाऊन डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नव्हता."

सरांनी लिफाफ्यावर हात ठेवला.

"बाई, काय बोलताय? हा बंद आहे. शिक्का बघा."

"शिक्का कुणाचा? केंद्राचा. तो असतो कुणाच्या टेबलावर?"

मेट्रनबाईंनी लिफाफा ओढून घेतला आणि सरळ फाडला. भाचीने आतले कागद ओळखले. मी मास्तरांना म्हटलं, "तुम्हीच बघा." मास्तर पुढे आले. बाहीच्या मागच्या भागाचा कागद उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडासमोर धरला.

कागदाच्या चारी कडांनी बारीक भोकांची ओळ चमकत होती. कारखान्यात पुठ्ठ्यावर नक्कल उतरवताना कागदाच्या कडेने दातेरी चाक फिरवतात, त्याची. मास्तरांचा चेहरा बघवेना.

"कसर लागली असेल," सर पुटपुटले. "जुने कागद..."

"कसर आखून खाते का हो?" मी ओरडले. "कोपऱ्यावर वळून, मापात? लाज नाही वाटली? लोक तुमच्याकडे चोरांपासून वाचायला येतात, आणि तुम्ही तेच कागद चोरांना नेऊन देता! कुंपणच शेत खायला लागलं तर जायचं कुठे माणसाने?"

विक्रीवाला आपली बॅग उचलून दाराकडे सरकत होता. "आम्हाला हे केंद्राकडून रीतसर मिळालं," तो घाईने म्हणाला. "सर म्हणाले, ज्या बाईचं आहे तिने नाद सोडलाय."

"नाद सोडलाय?" भाची पहिल्यांदाच बोलली. तिचा आवाज माझ्यासारखा चढला नाही, आणि म्हणूनच सगळे तिच्याकडे वळले. "मी शेवटचं तुमच्याकडे आले, तेव्हा आठवं बटण दाखवायला आले होते सर. तुम्ही पिशवी उघडूही दिली नाहीत."

सर फाटका लिफाफा बोटांनी जुळवत बसले.

अधीक्षकांनी एका वॉर्डाची ऑर्डर लिहून दिली. सहा महिने बघू, मग पुढचं. सगळ्या हॉस्पिटलची नाही, पण खोल्यांना कुलूप लागणार नव्हतं. बाहेर व्हरांड्यात जावयांनी खिशातून किल्ली काढून मास्तरांसमोर धरली.

"मास्तर, माझी चूक झाली."

मास्तरांनी किल्लीकडे पाहिलं, घेतली नाही. "तिला देऊ दे," ते म्हणाले. भाचीने जावयांच्या हातातून किल्ली घेतली, दोन्ही हातांनी मास्तरांना दिली, आणि मग तिला रडू फुटलं. मास्तरही रडले. मी दुसरीकडे बघत राहिले, कारण रडताना माझं नाक फार लाल होतं.

७

मेट्रनबाईंनी केंद्राच्या अध्यक्षबाईंना फोन केला होता. त्याच दुपारी त्या केंद्रात कपाटाची दुसरी किल्ली घेऊन आल्या. आमच्यासमोर लोखंडी कपाट उघडलं.

आत एकतीस लिफाफे होते. वरचे शिक्के सगळे शाबूत. मी सवयीप्रमाणे एक उलटा केला. खालची कड उघडून पुन्हा डिंकाने चिकटवलेली होती. दुसरा उलटा केला, तिसराही. घडी होणारी कमोडची खुर्ची. एका हाताने लावता येणारा पट्टा. कुबडीला अडकवायची पिशवी. ही पिशवी मी गेल्या महिन्यातच एका दुकानात पाहिली होती आणि कुणाचं बरं डोकं म्हणून कौतुकही केलं होतं. प्रत्येकाच्या फाईलवर लाल शाईत तेच दोन शब्द किंवा त्यांचंच भावंड: व्यवहार्य नाही, बाजार नाही, नाद सोडावा. आधी माणसाला सांगायचं की तुझ्या डोक्यात काही नाही, आणि मग तेच डोकं नेऊन विकायचं. खिसा कापणारा परवडला. तो निदान खिसा रिकामा होता असं सांगत नाही.

अध्यक्षबाई डोक्याला हात लावून बसल्या. "वकिलांना विचारते. सगळ्यांना सोमवारी पत्रं पाठवू."

"पत्रं पाठवा," भाची म्हणाली. "फोन मी आत्ता करते."

ती जमिनीवरच बसली, लिफाफे भोवती मांडून. कुबडीच्या पिशवीच्या लिफाफ्यावरचा नंबर तिने लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडे एक वयस्कर आवाज आला. भाचीने आपण कोण ते सांगितलं आणि काय झालं तेही सावकाश, सगळं सांगितलं. लिफाफा, शिक्का, दुकानातली पिशवी.

मला वाटलं, आता शिव्या येतील, रडणं येईल, किंवा नुकसान कोण देणार असं विचारतील.

"बाळा," त्या बाई म्हणाल्या, "म्हणजे ती चालली? लोक घेतात ती?"

"हो. खूप घेतात."

"मी शिलाई मशीन विकून टाकलं गं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मलाच अक्कल नाही."